झाकणातली खिडकी : हार्ड डिस्क, पारदर्शकता आणि पाहण्याचा हक्क

१

जुन्या हार्ड डिस्कचे झाकण काढायचे, त्याला मोठे भोक पाडायचे, त्यावर अ‍ॅक्रिलिकचा किंवा पॉलिकार्बोनेटचा स्वच्छ तुकडा चिकटवायचा आणि झाकण परत बसवून डिस्क पुन्हा चालू करायची, असा एक उद्योग अमेरिका-युरोपातल्या हौशी संगणक-कारागिरांनी या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत मोठ्या उत्साहाने केला. त्याने डिस्कचा वेग वाढत नाही की साठवणक्षमता वाढत नाही. आयुष्य मात्र घटण्याचीच शक्यता फार. मिळते ते इतकेच, की एरवी बंद डब्यात जे चाललेले असते ते डोळ्यांना दिसू लागते. व्यवहारी माणूस याला खूळ म्हणेल आणि त्याचे फारसे चुकणार नाही.

तरीही या खुळाकडे समीक्षेच्या नजरेने पाहण्यासारखे बरेच आहे. खिडकी पाडलेली हार्ड डिस्क ही हाताने घडवलेली वस्तू आहे. तिला रूप आहे, तिचे संकेत आहेत, तिच्यात कसबी आणि कच्चे असे कारागीर आहेत, तिचे रसिक आहेत. शिवाय ती एक दावा करते : मी आतले दाखवते. हा दावा तपासायला हवा, कारण पारदर्शक हे आपल्या काळातले फार भाव खाऊन गेलेले विशेषण आहे. कारभार पारदर्शक हवा, निवड पारदर्शक हवी, व्यवहार पारदर्शक हवा असे आपण उठता-बसता म्हणतो. पण पारदर्शक झालेल्या गोष्टीतून नेमके काय हाती लागते, हे क्वचितच विचारतो. या रूपकाचा शब्दशः प्रयोग जिथे झाला आहे ती वस्तू समोर घेतली, तर प्रश्न नीट मांडता येईल.

या लेखाचे म्हणणे थोडक्यात असे : दिसणे, समजणे आणि हात घालता येणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. खिडकी पहिली देते. उरलेल्या दोन मिळतात त्या खिडकी कापणाऱ्याला, आणि त्याही कापताना. खिडकी विकत घेणाऱ्याच्या वाट्याला पहिलीच येते, आणि उरलेल्या दोन्ही मिळाल्याचा भास मात्र होतो.

२

हार्ड डिस्क जन्मतः बंद नव्हती. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली पहिली व्यापारी डिस्क ‘रॅमॅक’ या संगणकाबरोबर १९५६ साली जाहीर झाली. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या एकावर एक रचलेल्या, मिनिटाला बाराशे फेरे, आणि एवढ्या सगळ्यात मिळून पन्नास लाख अक्षरे मावणार. वजन टनभर. वाचणारे हेड तबकडीपासून साधारण वीस मायक्रोमीटर दूर ठेवलेले असे, आणि ते अंतर राखायला दाबाखालची हवा सोडावी लागे. वीस मायक्रोमीटर म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. आज हे अंतर ढोबळ वाटेल. पण या ढोबळपणामुळेच ते यंत्र खोलीतल्या हवेत काम करू शकत होते.

पुढे १९६२ मध्ये आयबीएमनेच काढघाल करता येणारा डिस्कसंच बाजारात आणला. चौदा इंची सहा तबकड्यांचा साडेचार किलोंच्या आसपासचा हा गठ्ठा एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घालता येई. यंत्राबाहेर असताना त्यावर प्लॅस्टिकचे पारदर्शक झाकण असे. बेकरीतल्या केकवर घुमट ठेवतात तसे, वर उचलायला मूठ असलेले. संगणक-कक्षात काम करणाऱ्यांच्या एका पिढीने डिस्क रोज डोळ्यांनी पाहिली आणि हाताने उचलली. तिच्यात काही गूढ नव्हते. ती जड होती, जपून न्यावी लागे, एवढेच.

डिस्कवर कायमचे झाकण आले ते १९७३ साली. आयबीएमच्या ‘३३४०’ या यंत्रात तबकड्या, दांडा, भुजा आणि हेड हे सगळे एकाच मोहोरबंद संपुटात घातलेले होते. तीस-तीस मेगाबाइटच्या जोडीची मूळ कल्पना आणि त्याच आकड्यांची प्रसिद्ध रायफल यांवरून त्याला ‘विंचेस्टर’ हे टोपणनाव मिळाले. पुढच्या जवळजवळ सर्व हार्ड डिस्क या घराण्यातल्या. बंद करण्यामागे कोणताही कट नव्हता. हेड हलके करून तबकडीच्या अधिक जवळ उडवायचे, तर हवा स्वच्छ हवी. हवा स्वच्छ हवी तर माणसाचा हात, श्वास आणि कपडे दूर हवेत. तबकडीवर जितके जास्त मावू लागले, तितकी ती आपल्यापासून दूर गेली. क्षमता आणि जवळीक यांचा हा व्यस्त संबंध हार्ड डिस्कच्या सगळ्या इतिहासात दिसतो.

सन २००० च्या सुमारास घरगुती संगणकातल्या डिस्कमध्ये हेड आणि तबकडी यांच्यातले अंतर दहा-वीस नॅनोमीटरच्या आसपास आले होते. माणसाचा केस सत्तर हजार नॅनोमीटरच्या घरातला. सिगारेटच्या धुराचा कणही या फटीपुढे डोंगर. साडेतीन इंची प्रकारातली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते तेव्हा तिची बाहेरची कड ताशी सव्वाशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते, आणि तिच्यावर हेड हवेच्या त्या पातळ थरावर तरंगत असते. वाटेत कण आला तर हेड आपटते, लेप खरवडला जातो, खरवडलेल्या लेपाचे आणखी कण होतात आणि ते पुढचे नुकसान करतात. म्हणून डिस्कचे कारखाने क्लीन रूममध्ये चालतात. जुन्या वर्गवारीतल्या ‘वर्ग १००’च्या खोलीत एक घनफूट हवेत अर्ध्या मायक्रोमीटरचे किंवा त्याहून मोठे कण शंभरापेक्षा जास्त चालत नाहीत. साध्या खोलीत हीच संख्या लाखांत जाते.

खिडकी पाडणारा हौशी माणूस डिस्क उघडत होता तो असल्या हवेत.

३

त्याची कृती पाहण्यासारखी आहे. आधी झाकणाचे स्क्रू. त्यांची खाच चांदणीच्या आकाराची, साध्या पेचकसाला दाद न देणारी. एखादा स्क्रू लेबलखाली दडलेला, म्हणजे तो काढायचा तर हमीवर पाणी सोडावेच लागणार. झाकण निघाले की डिस्कचा उघडा देह ताबडतोब स्वच्छ पिशवीत किंवा डब्यात बंद करायचा आणि झाकण दुसरीकडे न्यायचे. कापण्याचे काम डिस्कजवळ करायचे नाही हा पहिला नियम, कारण धातूचा कीस उडतो आणि आत हेडची भुजा हलवणारे निओडिमियमचे चुंबक फार जोरकस असतात. फिरत्या पात्याने भोक पाडायचे, कडा कानशीने घासायच्या, झाकण धुऊन वाळवायचे, पारदर्शक तुकडा चिकटवायचा. मग थांबायचे. डिंक पुरता वाळल्याशिवाय झाकण बसवले, तर त्याची वाफ आत अडकून तबकडीवर बसण्याची भीती. हवेचा दाब सारखा राखणारे गाळणीचे बारीक छिद्र बुजवायचे नाही, कडेचे गॅस्केट मुडपू द्यायचे नाही. अनेक डिस्कमध्ये झाकणाचाच एक स्क्रू भुजेच्या खुंटाला वरून धरून ठेवतो. भोक त्या जागी आले तर सगळेच बिघडते. झाकण हे नुसते झाकण नसून यंत्राचा एक अवयव आहे, हे कळते ते इथे.

आणि क्लीन रूमचे काय? त्यावर या मंडळींनी काढलेला तोडगा घरगुती होता. न्हाणीघरात गरम पाण्याचा शॉवर काही वेळ सोडून ठेवायचा. वाफेने हवेतली धूळ खाली बसते. मग आत जाऊन, अंगावर लोकरी कपडे न ठेवता, श्वास जपून, भराभर झाकण लावायचे. प्रयोगशाळेचा नियम न्हाणीघरात पाळण्याचा हा खटाटोप हास्यास्पद आहे, आणि तितकाच लोभस आहे. सोवळ्यात स्वयंपाक करणाऱ्या घरांतून वाढलेल्या वाचकाला त्यातली शिस्त ओळखीची वाटेल : अदृश्य विटाळ, त्याला टाळायचे ठरलेले उपाय, आणि शेवटी सगळे यथासांग झाले की नाही याची धाकधूक. फरक एवढा, की इथला विटाळ मोजता येतो.

सगळे जुळून आले तर डिस्क चालू होई. ती किती चालेल याची खात्री कुणालाच नसे. म्हणून जाणते लोक कामाची डिस्क कधी उघडत नसत. जुनी, लहान, जिच्यावरचे काही गमावले तरी चालेल अशीच डिस्क घेत. या निवडीत एक नैतिक भान आहे आणि या कलाप्रकाराचे मूल्य ठरवताना ते विसरून चालणार नाही. जे पाहायचे त्याची किंमत पाहणाऱ्याने स्वतः मोजायची, दुसऱ्याच्या माथी मारायची नाही, असा तो अलिखित नियम होता.

डिस्क उघडणारे इतरही असतात. भंगार फोडणारा ती दोन मिनिटांत उघडतो. त्याला अ‍ॅल्युमिनियम आणि चुंबक हवे असतात. बिघडलेल्या डिस्कमधली माहिती परत मिळवून देणारा तंत्रज्ञ ती स्वच्छ कक्षाबाहेर उघडायला धजत नाही. त्याला तबकडीवरचे हवे असते, तबकडी नको असते. एकाला पदार्थ हवा, दुसऱ्याला मजकूर. खिडकीवाल्याला यातले काहीच नको. त्याला डिस्क डिस्क म्हणूनच हवी, फक्त दिसती हवी.

४

इथे सौंदर्यशास्त्राचा प्रश्न उभा राहतो. उपयोग बाजूला ठेवून वस्तूकडे तिच्या रूपासाठी पाहणे ही कांटपासूनची ओळखीची कल्पना. मराठीत तिची सर्वांत कसोशीने छाननी रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’त केली आणि सौंदर्यव्यवहाराला अलौकिकतावादी व लौकिकतावादी असे दोन ध्रुव असल्याचे दाखवले. खिडकीची हार्ड डिस्क या दोन ध्रुवांमध्ये चमत्कारिक रीतीने लोंबकळते. ती पूर्ण बंद पडलेली, भिंतीवर टांगलेली असती तर अलौकिकाच्या बाजूला गेली असती. अशा मेलेल्या तबकड्यांची घड्याळे करणारेही आहेत. त्यांत चमक आहे, ताण नाही. नुसती कामाची डिस्क ही लौकिकाच्या बाजूला. खिडकीची डिस्क मात्र चालत असते, काही वाचत-लिहीत असते, आणि त्याच वेळी पाहण्यासाठी मांडलेली असते. तिचे सौंदर्य तिच्या कामावर उभे आहे आणि तिचे काम तिच्या सौंदर्यापायी धोक्यात आहे. असा ताण फार थोड्या शोभेच्या वस्तूंत सापडतो.

आता प्रत्यक्ष काय दिसते ते पाहू. तबकडी आरशासारखी घासलेली असते. ती फिरू लागली की तिच्यावर खूण नसल्यामुळे ती फिरते आहे हेच डोळ्यांना कळत नाही. ७२०० फेऱ्यांचा तो सगळा आवेग पाहणाऱ्याला संपूर्ण स्थिर दिसतो. दिसते ते वाकून पाहणाऱ्याचे स्वतःचे तोंड. हालचाल दिसते ती भुजेची. काही मागितले की ती आतबाहेर थरथरते, इतकी झटपट की टोकाचा नुसता पुसट पंखा उमटतो, आणि मग निमूट थांबते. मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले होते. त्यांची परिभाषा इथे ओढून आणायची म्हटली, तर या दृश्यात विरोधलय ठळक आहे : एक अंग इतक्या वेगात की स्थिर भासावे, दुसरे अंग बहुतेक वेळ स्थिर आणि मधूनच पिसाटलेले. हे दृश्य सुंदर आहे, यात शंका नाही. पहिल्यांदा पाहणारा माणूस बोलता बोलता थांबतो.

पण ज्यासाठी हे यंत्र आहे ते यात कुठे आहे? मजकूर, छायाचित्रे, हिशेब, गाणी हे सगळे तबकडीवर सूक्ष्म चुंबकित क्षेत्रांच्या रूपात असते. चुंबकाची दिशा डोळ्याला दिसत नाही. शिवाय त्या काळच्या डिस्कवरही एका बिटाची लांबी दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान होती. प्रकाश जिथे पोचून भेद करू शकत नाही तिथे खिडकी पाडून काय होणार? जुन्या चुंबकीय फितींवर लोखंडाची बारीक भुकटी मिसळलेला द्रव टाकून त्यावरच्या खुणा डोळ्यांना दिसतील अशा करता येत. इथे तेही शक्य नाही. भरलेली डिस्क आणि कोरी डिस्क खिडकीतून सारखीच दिसते. दहा वर्षांचा पत्रव्यवहार असलेली तबकडी आणि काहीच नसलेली तबकडी यांत पाहणाऱ्याला तसूभर फरक कळत नाही. खिडकी फिरणे दाखवते, स्मृती दाखवत नाही.

म्हणून ‘संगणक विचार कसा करतो ते मला दिसते’ असे या छंदाबद्दल कौतुकाने म्हटले जाते ते खरे नाही. दिसते ती विचाराची हमाली. ती पाहणे आनंदाचे असले, तरी त्याला ज्ञान म्हणणे अतिशयोक्ती होईल. चित्र म्हणून तपासली तर ही खिडकी तोकडी ठरते. तिची थोरवी शोधायची तर मागच्या भागातल्या कृतीत शोधावी लागते. गॅस्केट, गाळणी, चुंबक, झाकणाचा अवयवपणा, धुळीच्या कणाचे माप हे सगळे कापणाऱ्याला कळलेले असते. नुसत्या पाहणाऱ्याला नव्हे. खिडकी हा त्या शिकण्याचा उरलेला पुरावा आहे.

५

कोणत्याही हौशी खुळाचे पुढे जे होते ते याचेही झाले. जानेवारी २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटल या कंपनीने ‘रॅप्टर एक्स’ नावाची डिस्क बाजारात आणली : १५० गिगाबाइट, मिनिटाला दहा हजार फेरे, आणि झाकणात कारखान्यातच बसवलेली पॉलिकार्बोनेटची खिडकी. त्याच क्षमतेची आणि त्याच वेगाची बिनखिडकीची बहीण थोड्या कमी किमतीला शेजारीच ठेवलेली होती. म्हणजे जास्तीचे पैसे पाहण्याचे होते. गिऱ्हाईक होते संगणकावर खेळ खेळणारे, ज्यांच्या संगणकाच्या पेटीलाही आधीच काचेची बाजू असे.

तंत्र म्हणून ही डिस्क निर्दोष होती. खिडकी क्लीन रूममध्ये बसवलेली, धुळीचा धोका नाही, हमी शाबूत. हौशी माणसाला जे कधीच जमले नसते ते कंपनीने सफाईने केले. समीक्षकाला खटकते ते वेगळेच. या खिडकीतून पाहणाऱ्याने एकही स्क्रू सैल केलेला नाही आणि पुढेही करायचा नाही. उघडली तर हमी गेली, हा नियम जसाच्या तसा. पूर्वी खिडकी म्हणजे उघडल्याची खूण होती. आता ती न उघडण्याची भरपाई झाली. रूप तेच राहिले आणि अर्थ उलटा झाला.

काचेआडून यंत्र दाखवण्याची ही युक्ती संगणकाच्या इतिहासात जुनी आहे. जानेवारी १९४८ मध्ये आयबीएमने ‘एसएसईसी’ हे अवाढव्य गणनयंत्र न्यूयॉर्कमध्ये रस्त्यालगतच्या दालनात मांडले, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना काचेतून दिसावे म्हणून. लोक थांबून लुकलुकणारे दिवे पाहत. दालनाच्या मधोमध इमारतीचे जाड खांब होते. ते कंपनीचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना आवडले नाहीत. पण इमारत त्यांच्यावरच उभी असल्यामुळे ते काढता येईनात. मग समारंभात वाटलेल्या पुस्तिकेतल्या छायाचित्रातून ते खोडण्यात आले. दाखवण्याच्या हौसेत ज्यावर सगळे उभे आहे तेच चित्रातून पुसले जाते, याचा इतका बोलका नमुना दुसरा सापडणे कठीण. ऑगस्ट १९९८ मध्ये विक्रीला आलेल्या निळसर आयमॅकचे अर्धपारदर्शक कवच याच परंपरेतले : आत काहीतरी आहे एवढे कळावे, नेमके काय ते कळू नये.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला अमेरिकेतल्या तुरुंगांतले दूरचित्रवाणी संच आणि रेडिओ आहेत. कैद्यांना विकले जाणारे हे संच पारदर्शक प्लॅस्टिकचे असतात, आत काही लपवता येऊ नये म्हणून. वस्तू आरपार दिसते, पण ती ज्याची आहे त्याच्यासाठी नव्हे. त्याच्यावर नजर ठेवणाऱ्यासाठी. पदार्थ एक, रूप एक, आणि अर्थ मात्र कुणी कुणासाठी कापले यावर ठरणारा. पारदर्शकता हा वस्तूचा गुण मानला की ही गोष्ट निसटते. तो दोन माणसांमधला संबंध आहे.

दिवाळी अंकांच्या वाचकाला हे सांगायला अमेरिकेत जावे लागू नये. ‘आवाज’च्या खिडकीचित्रांवर मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्या हसल्या. पानाला पाडलेल्या झरोक्यातून चावट काही दिसते आणि पान उलटले की भलतेच साळसूद चित्र निघते. त्या विनोदाचे सगळे बळ एका तत्त्वावर उभे आहे : खिडकी जे दाखवते त्याहून जास्त झाकते, आणि झाकलेल्याबद्दल आपली समजूत करून देते. पण ‘आवाज’ची खिडकी प्रामाणिक होती, कारण पान उलटायची मुभा वाचकाच्या हातात होती. कारखान्यातल्या खिडकीला उलटायचे पान नाही.

६

हा फरक फक्त छंदापुरता असता तर त्यावर एवढी शाई खर्च करायचे कारण नव्हते. पण उघडण्याचा हक्क हा आता सार्वजनिक वादाचा विषय आहे. ‘ही पट्टी काढल्यास हमी रद्द’ असे सांगणाऱ्या चिकटपट्ट्यांबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना ताकीद दिली. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करायला समिती नेमली. हार्ड डिस्कवरची पट्टी खोटे बोलत नाही हे इथे कबूल करायला हवे; ती उघडणे खरोखरच घातक असते. पण हे खरे कारण जिथे लागू नाही अशा शेकडो वस्तूंवरही तीच पट्टी चिकटवलेली असते आणि आपण सगळ्यांवर सारखाच विश्वास ठेवतो. कोणते झाकण निसर्गनियमाने बंद आहे आणि कोणते कुणाच्या सोयीसाठी, हे ओळखायला कधीतरी एक झाकण उघडून पाहिलेला माणूस लागतो.

कायद्याच्या भाषेतही हा भेद आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात माहितीच्या अधिकाराची व्याख्या करताना नुसते पाहू देणे पुरेसे मानलेले नाही. कामांची आणि दस्तऐवजांची तपासणी करणे, टिपणे घेणे, प्रमाणित प्रती घेणे आणि सामग्रीचे प्रमाणित नमुने घेणे हेही त्यात आहे. रस्त्याच्या कामाचा नमुना मागणारा नागरिक काचेबाहेर उभा राहत नाही. नमुना मागण्याची ही मुभा जिथे नाही, तिथे पारदर्शक हे विशेषण शोभेचे आहे असे खुशाल समजावे.

हार्ड डिस्कपुरते बोलायचे तर खिडकीचा काळ संपल्यातच जमा आहे. २०१३ पासून मोठ्या क्षमतेच्या डिस्कमध्ये हवेऐवजी हेलियम भरू लागले. हेलियम इतका निसटता की झाकण वितळजोड करून बंद करावे लागते. ते उघडले की वायू गेला आणि यंत्र ज्या आधारावर चालते तोच गेला. घरगुती संगणकांत तर फिरत्या तबकडीची जागा घन-अवस्था साठवणीने घेतली. तिच्या झाकणाला खिडकी पाडली तर आत हिरव्या पट्टीवर काही काळे चौकोन दिसतील. फिरणारे, थरथरणारे काहीही नाही. आज संगणकाच्या पेट्या सर्रास काचेच्या असतात, पण आत पाहण्यासारखी हालचाल उरलेली नाही म्हणून मेमरीच्या पट्ट्यांवर आणि पंख्यांवर रंगीत दिवे बसवलेले असतात. ते दिवे कोणत्याही कामाचे चिन्ह नसतात. आतले दाखवायला काही उरले नाही म्हणून बाहेरून लावलेली ती रोषणाई आहे. खिडकी मोठी झाली आणि दृश्य नाहीसे झाले.

अशा वेळी वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या त्या ओबडधोबड खिडक्यांचे मूल्यमापन कसे करावे? त्यांच्या कडा वाकड्या आहेत, डिंक बाहेर आलेला आहे, आणि ज्ञान देण्याचा त्यांचा दावा अर्धाच खरा आहे. रॅप्टर एक्सशेजारी ठेवल्या तर त्या गावठी दिसतील. तरीही दोघींतली श्रेष्ठ निवडायची तर मी गावठी निवडीन. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपली म्हण सांगते. त्या कारागिरांना मूठ उघडली की सव्वा लाख जाणार हे पक्के ठाऊक होते, आणि तरी त्यांनी ती उघडली. आत त्यांना मजकूर सापडला नाही. सापडला तो एक आरसा, एक थरथरती भुजा आणि झाकण का असते याचे उत्तर. त्यातले पहिले दोन खिडकीतून कुणालाही दिसतात. तिसऱ्यासाठी पेचकस हातात घ्यावा लागतो.